रिटायर झाल्यावर दिवसभर करायचं काय? (योगा सोडून सांगा)

परभणीकर_तात्या
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसापासून इथं नुसतं वाचायलो, लिहायलो आज पहिल्यांदा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जिंदगी गेली, आता घरी. सकाळ मजेत जाते, कृषी विद्यापीठाकडं फिरायला जातो, तिथं आमच्या वयाचे चिकार भेटतात, पण विषय काय तर उपाशीपोटी शुगर किती आली, गुडघा कुणाला दाखवला आन् कुणाच्या पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला. साडेआठला घरी आलं, पेपर वाचला, आंघोळ झाली की दहा वाजतात. आन् मग ते दहा वाजल्यापासून संध्याकाळच्या सहापर्यंतचं काय करावं तेच समजंना. बायकोचं बरंय, तिचं हरिपाठाचं मंडळ हाय, वाती वळायच्या असतात, कुणाच्या घरी सव्वाष्ण, कुणाकडं पापड. मला ती म्हणती घरात पायात पायात येऊ नका.

मित्र हायेत, नाहीत असं नाही. पण नोकरीतले मित्र नोकरीसंगं गेले, राहिले ते फोनवर. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. समोर भेटले तर बोलायला काही सापडत नाही राव.

तर मंडळी, तुमच्या घरातले, गल्लीतले, गावातले म्हातारे खरंच काय करायलेत ते सांगा. योगा करा, ध्यान करा, छंद जोपासा असलं लिहू नका, ते फॉरवर्ड रोज येतात. आन् पैसे लागणारं बी सांगू नका, ईपीएस-९५ ची पेन्शन किती असते ज्याला माहीत त्याला माहीत.

कडबाकुट्टी
तात्या आमच्याकडं या की. सोयाबीन काढायला माणूस मिळंना, रोज देतो, दुपारची भाकर देतो, दहा ते सहा कसे गेले समजणार नाही 😀

चेष्टा सोडा. पण खरं सांगू का, हे "म्हातारपणी ॲक्टिव्ह राहा" म्हणणं पगारवाल्यांचं हाय. मी बीड जिल्ह्यातला. आमच्या गावातनं दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं, मागं राहतात म्हातारे आन् शाळेतली लेकरं. त्या म्हाताऱ्यानं जनावरं बघायची, पाणी भरायचं, नातवंडं शाळेत घालायची. साठीच्या माणसाला आमच्याकडं कुणी रिटायर करत नसतं. त्याला कुणी येऊन सांगितलं का काका रोज अर्धा तास चाला, तर तो चप्पल काढील. त्याला दोन तास बसू द्या हो निवांत.

फक्त बसायला जागा राहिली नाही हे मात्र हाय. आमच्या गावात मारुतीपुढं लिंबाचा पार होता. ग्रामपंचायतीनं तिथं पेव्हर ब्लॉक टाकले, लिंब तोडला, स्टीलचे बाकडे टाकले दोन-दोन माणसाचे. उन्हाळ्यात त्या बाकड्यावर भाकर भाजंल. म्हातारे बसायचे बंद झाले आन् आता सगळे म्हणतात लोकात पहिल्यासारखी आपुलकी राहिली नाही. आपुलकीला सावली लागती.

लातूरची_माय
कडबाकुट्टी भाऊ, लाखाचं बोललात.

तात्या, मी ६६ ची आहे, आम्ही चार बायका दुपारी वाकळ शिवतो. हसू नका. वाकळ म्हणजे चिंध्या जोडणं नव्हे. खाली एक जुनं सुती लुगडं पसरायचं, त्यावर जुने धोतराचे, चादरीचे तुकडे सारखे लावायचे, कुठं गठ्ठा व्हायला नको, वरून चांगल्यातली साडी, चारी कोपऱ्याला दगड ठेवून ताणून घ्यायचं, मग मोठे कच्चे टाके, आणि मग कडेनं धावदोरा सुरू. कडेकडेनं आत आत येत मधोमध संपतो. आमच्या चौघींच्या चार बाजू ठरलेल्या. आता यातली गंमत अशी की एक जण आली नाही की तिची बाजू मागं राहते, आणि बाकीच्या तिघींना पुढं जाता येत नाही, कापडाला झोळ येतो. म्हणून मग तिच्या घरी फोन, काय गं कुठं हायस, ताप आलाय का सून बोलली काही. असं करत करत आम्हाला एकमेकींच्या घरातलं सगळं माहीत 🙂

मी हे शिकले आईजवळ पण शिवायला लागले भूकंपानंतर. आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. पत्र्याच्या शेडात राहायचो, थंडीत पत्रा असा गार पडायचा, बाहेरून आलेले कपडे ढिगानं पडलेले, काही घालण्यासारखे, काही नाही. मग म्हाताऱ्या बायांनीच सुरू केलं, ते कपडे उसवायचे आणि वाकळा शिवायच्या. रडायचं असलं तरी हात चालू ठेवून रडायच्या.

आता अडचण एकच, सुती साडी मिळत नाही. सिंथेटिकवर सुई सरकती, आणि ती अंगावर घेतली की घाम जिरत नाही. गल्लीत कुणाच्या घरी कपाट आवरायला काढलं की आम्ही हजर.

सूनबाई_नांदेड
माय, फोटो टाका ना! विकता का? मला दोन हव्यात, खरंच.

लातूरची_माय
नातवानं फोटो टाकला होता कुठंतरी, तर पुण्यातनं विचारणा आली, चांगला भाव देत होते. आमच्यात दोन तट पडले. मी म्हटलं नको. एकदा ऑर्डर घेतली की तारीख आली, तारीख आली की मग "तुझी बाजू अजून झाली नाही का" हेच बोलणं वेगळ्या आवाजात निघणार. आता आम्ही लेकीबाळींनाच देतो, बाळंतविड्यात.

मोसंबी_जालना
माय असहमत. पैसे घ्या. बायकांनी केलं की हौस आणि पुरुषांनी केलं की धंदा असं कशाला? माझ्या आत्यानं शेवया-कुरडयांचे पैसे घ्यायला सुरुवात केली साठीनंतर, पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडलं आणि घरातल्यांची तिच्याशी बोलायची पद्धतच बदलली. मैत्री टिकवायची म्हणून फुकट राबायचं हे पटत नाही.

लातूरची_माय
त्यात चूक काही नाही बाळा. ज्या दोघींना विकायची होती त्यातल्या एकीचं म्हणणं अगदी हेच होतं, तिला गरजबी होती. ती आता वेगळी ऑर्डरीच्या शिवती घरी मशीनवर, आणि दुपारी आमच्यात येऊन हातानं शिवती. भांडणं झाली नाहीत.

निवृत्त_गुर्जी
मी गंगाखेडचा, जनाबाईच्या गावचा. जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तात्या, तुम्ही आमच्या शेजारचेच की.

मी निवृत्तीनंतर पेटी शिकायला लागलो. गळा नाही, तालाचं अंग नाही, शाळेत प्रार्थनेला सुद्धा मी ओठ हलवायचो. शिकवणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी, त्याला मी चौथीत उठाबशा काढायला लावल्या होत्या, आता तो मला म्हणतो गुर्जी, बोटं अशी नाही, अंगठा खालून घ्या. चांगली जिरवतोय 😄 एक वर्षभर तर नुसते अलंकार. सा रे ग, रे ग म. बायको माहेरी जायची भाषा करायला लागली होती.

पण मग आमच्या भजनी मंडळाचा पेटीवाला लेकाकडं हैदराबादला गेला आणि मंडळ माझ्याकडं आलं. आलं म्हणजे काय, दुसरं कुणी नव्हतंच. आता एकादशीला नि गुरुवारी मी नसलो तर भजन होत नाही. ताप असला तरी जातो. घरचे ओरडतात, आतून बरं वाटतं.

एक सांगण्यासारखं. आमचं मंडळ वर्षानुवर्षं पांढरी चारमध्ये, म्हणजे चढ्या पट्टीत गायचं. जवानीत ठीक होतं, आता सगळे पासष्ट-सत्तरीचे, चढ्या अभंगाला कुणाचाच आवाज पोचेना, आणि जो तो मनात म्हणणार की आपलंच वय झालं. दोन-तीन जण तर काही ना काही कारण सांगून यायचेच बंद झाले. मी एक दिवस न विचारता काळी एक, म्हणजे खालची पट्टी लावली. मृदंगवाला भडकला, कारण त्याचा मृदंग चढा बांधलेला, गठ्ठे ठोकून उतरवावा लागला, धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक बदलावी लागली, तासभर खोळंबा. पण त्या दिवशी सगळे शेवटपर्यंत गायले. न येणारे पण आता येतात. आधी उगाच आम्ही एकमेकांच्या भक्तीत खोट काढायचो, खरं तर पट्टी चुकत होती.

फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला जातो तेव्हा नाथांची भारुडं करतो. त्यात म्हाताऱ्याला काम चांगलं मिळतं, वेश घ्यायचा, दाढी लावायची गरज नाही, स्वतःचीच असते.

सूनबाई_नांदेड
गुर्जी, हसून हसून पुरे वाट 😂

मी घरातल्या बाजूनं लिहिते. आमच्या सासूबाई ७१ च्या. हरिपाठाला रोज जायच्या, मग हळूहळू बंद. विचारलं तर "बाया लई टोमणे मारतात". घरातही चिडचिड, आपण काही बोललो की "माझ्याबद्दलच बोलायलेत". सगळ्यांना वाटलं सासरे गेल्यापासून स्वभाव बदलला. माझ्या नणंदेला शंका आली, कारण टीव्हीचा आवाज फारच मोठा असायचा. सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घशाच्या विभागात नेलं, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. अहो, बाया टोमणे मारत नव्हत्या, हसत होत्या, आणि यांना फक्त हसणं दिसत होतं, विनोद ऐकू येत नव्हता.

कानाच्या मशीनचा अनुभव पण लिहिते म्हणजे कुणाला उपयोग होईल. आधी एका दुकानातून घेतलं, तपासणीचा कागदसुद्धा न बघता दिलं त्यानं, शिट्टी वाजायची सारखी, परत घेईना. दुसरीकडून कानाच्या मापाचं घेतलं तेव्हा शिट्टी थांबली. आणि मशीन लावलं की लगेच सगळं ठीक होत नाही. पहिल्या दिवशी हरिपाठाला लावून गेल्या तर टाळ एकदम डोक्यात घुसले, उठून घरी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं की आधी घरात शांत खोलीत एक माणूस बोलताना थोडा वेळ लावा, मग वाढवत न्या, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. आता टाळवाल्यांपासून लांब, भिंतीकडं पाठ करून बसतात. जायला लागल्यात.

आणि दुसरं, जरा कडू. तात्यांनी विचारलं म्हाताऱ्यांनी काय करावं, तर बऱ्याच घरात उत्तर असतं नातवंडं सांभाळा. नातवंडांचं प्रेम वेगळं आणि रोजची ड्युटी वेगळी. माझी आई पुण्यात भावाकडं आहे, दिवसभर दीड वर्षाच्या पोराच्या मागं पळते आणि सगळे म्हणतात आई कशी ॲक्टिव्ह आहे बघा. तिला तिथं ओळखीचं एक माणूस नाही. फोनवर मला विचारते, आपल्या गल्लीत आज कुणाकडं काय झालं.

परभणीकर_तात्या
सूनबाई, हे कानाचं वाचून मला आमच्या एका चालकमित्राची आठवण आली. इंजिनशेजारी जन्म काढलेला माणूस. आजकाल कार्यक्रमात कोपऱ्यात बसतो, आम्ही म्हणायचो शिष्ट झाला. उद्या त्याच्या घरी जातो.

हाडांची_ताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूर. योगाबद्दल लिहायचं नाही अशी अट आहे म्हणून नाही लिहीत 😀 पण दोन-तीन गोष्टी सांगू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी वाचत नाही. तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यात तीन दिवस किंवा जास्त, पडू नये म्हणून. चालणाऱ्या माणसालाही खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही असं मी रोज बघते. तात्या, तुमच्या फिरायच्या ग्रुपला शुगर विचारण्याऐवजी बाकड्यावरून हात न लावता दहादा उठून दाखवा म्हणा. शर्यत लावा. ज्यांचा तोल जातो त्यांनी कठड्याजवळ उभं राहून करायचं.

माय, वाकळ छानच, पण मांडी घालून मान खाली घालून तासन्‌तास बसू नका. अर्ध्या तासानं चौघींनी उठायचं, अंगणात फेरी मारायची, जागा बदलून बसायचं. जागा बदलली की मानेचा कलही बदलतो.

कडबाकुट्टी दादांचं म्हणणं एकदम बरोबर आहे. कष्ट आणि व्यायाम एक नाही. ऊस तोडून पाठ गेलेल्या बाईला मी आधी विश्रांतीच सांगते.

पेटीचं म्हणाल तर २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, ७५ च्या पुढची माणसं घेतलेली. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच यांच्यात रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी आढळला. म्हणजे पेटीमुळेच वाचतो असं नाही, ज्याचं डोकं शाबूत आहे तोच पेटी शिकायला जातो हेही असू शकतं. पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्यासारखे धोके सांगितले त्यात कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं दोन्ही आहेत. सूनबाईंच्या घरात दोन्ही एकदम होते.

शहागंज_वाला
आदाब, जय महाराष्ट्र, सगळं 🙂

आमच्या इथं, म्हणजे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर, आम्ही काही रिटायर्ड लोक उर्दू शिकतो. शिकतो म्हणजे मी शिकवतो, बाकीचे शिकतात. त्यात एक जोशी आहेत, एक तलाठी होते, एक बँकवाले पाटील. सुरुवात कशी झाली तर पाटलांच्या घरात आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळचे कागद निघाले. जमिनीचे, सगळे उर्दूत. घरात कुणाला वाचता येईना. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या तावडीतून सुटला, पण कागद अजून तिथंच आहेत भाऊ. २०२३ ला जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना काय भाव आला होता, तहसीलवाले गाडी पाठवायचे.

मग मी म्हटलं, मी किती जणांना वाचून दाखवू, तुम्हीच शिका. आधी अलिफ बे, मग नावं, मग महिने. सरकारी कागदाची लिखावट म्हणजे शिकस्ता, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, नुकते (अक्षरांवरचे टिंब) गायब. छापील पुस्तक वाचणाराही तिथं बसतो. एका ओळीवर अख्खी सकाळ वाद. जोशी म्हणतात हे "वल्द" (अमक्याचा मुलगा) आहे, पाटील म्हणतात "वजन". भिंग घेऊन तिघं एका कागदावर डोकं घालून बसलेले बघायला या एकदा. चहा माझ्याकडं, समोसे ज्याचं चुकलं त्याच्याकडं.

रविवारी दरवाजे बघायला जातो. आमच्या शहराला ५२ दरवाजे म्हणतात, आता उभे थोडे. भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ ला बांधला, त्याच्यासमोर फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून जोशी पेन्सिलनं चित्र काढतात. रिक्षावाले हॉर्न मारतात, जोशी हलत नाहीत. कमान त्यांना जमत नाही, दरवेळी एक बाजू फुगते. तरी काढतात.

परभणीकर_तात्या
चाचा, आमच्या घरात पण असले कागद हायेत, फडक्यात बांधून. घेऊन येऊ का?

शहागंज_वाला
बेशक या. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी ठेवा. घडीवर फाटतात.

एकटा_जालना
सगळं वाचतोय. चांगलं लिहिता तुम्ही लोक.

माझी बायको गेली. मुलगी कॅनडात. मला भजनाची आवड नाही, देवाशी माझं फार जमत नाही. जालन्यात मित्र आहेत पण सगळे जोडप्यानं राहतात. पूर्वी आम्ही दोघं कुणाकडंही जायचो, आता मी एकटा गेलो की वहिनी लगेच जेवायचा आग्रह करतात, आणि त्यांच्या नजरेत ते दिसतं, बिचारा. म्हणून जात नाही. दिवस जातो, संध्याकाळ अवघड. दिवेलागणीची वेळ. स्वयंपाक एकट्याचा काय करायचा, खिचडी लावतो.

लातूरची_माय
दादा, लोकांकडं जेवायला जाऊ नका, लोकांना जेवायला बोलवा. खिचडीच खाऊ घाला. मेथीचे धपाटे शिका, मी सांगते मापं. बाईमाणसाला विचारून केलेला स्वयंपाक आणि पुरुषानं हौसेनं केलेला, लोक दुसऱ्याला लवकर येतात बघा 😄

निवृत्त_गुर्जी
दादा, देवाशी जमत नसेल तर राहू द्या, आमच्या मंडळातला टाळवालासुद्धा नास्तिक आहे, त्याला ताल आवडतो. मुद्दा भजनाचा नाहीच. मी बघितलेलं असं की नुसत्या आवडीवर माणूस फार दिवस टिकत नाही, कंटाळा येतोच. तुम्ही आला नाहीत तर कुणाचं तरी काम अडायला पाहिजे. मायच्या वाकळीला झोळ येतो, माझ्याशिवाय भजन अडतं, चाचांकडं समोसे कोण आणणार हा प्रश्न पडतो. शाळेत आम्ही हजेरी घ्यायचो, त्यापेक्षा गैरहजेरी कुणाच्या लक्षात येते ते महत्त्वाचं.

मोसंबी_जालना
काका, मी जालन्यातच आहे. आमच्या कॉलनीच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसायला माणूस नाही, म्हणून ते सहालाच बंद होतं. किल्ली घेता का? पगार नाही. मुलं येतात स्पर्धा परीक्षेची, ओरडावं लागतं कधीकधी. आणि वाटेल तेव्हा बोलायचं असलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, माझे वडील तिथं एकदा पेन्शनच्या कामासाठी बोलले होते, नीट बोलतात.

एकटा_जालना
संध्याकाळचे दोन तास म्हणजे किती ते किती? व्यक्तिगत निरोप करतो.

कडबाकुट्टी
वातावरण लई गंभीर झालं. येळवशीला, शेतातल्या सणाला, सगळे लातूरला जमू का? मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे थंडी कडक. माय, तुमच्या शेतात जमंल का? आमच्या बीडकडं येळवस लातूरएवढी जोरात नसते, मला भज्जी (येळवशीची मिसळ भाजी) खायची हाय.

लातूरची_माय
या की, सगळे या. कडब्याची कोपी करतो, पांडव मांडतो, भज्जी, उंडे, आंबील. पुण्या-मुंबईची लेकरं दिवाळीला आली नाहीत तरी येळवशीला येतात आमच्याकडं. म्हाताऱ्यांना त्या दिवशी काय मान असतो, ओलगे ओलगे म्हणत शिवारभर आंबील शिंपडायचं काम घरच्या मोठ्याचं. एक सूचना, आंबील ताकातली, लसूण घातलेली, आंबट असते, साखर मागायची नाही. मागच्या वेळी एका पुणेकर जावयानं मागितली होती.

सूनबाई_नांदेड
सासूबाईंना घेऊन येऊ का? बसचा प्रवास झेपेल, पण तिकिटाचं कसं असतं ज्येष्ठांना? ७१ आहे त्यांचं.

परभणीकर_तात्या
हे मपल्या खात्यातलं, मी सांगतो. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. ७५ पूर्ण झाले की फुकट, २०२२ च्या ऑगस्टपासून. आन् बायकांना तर मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात निम्मंच, म्हणजे सूनबाई तुमचं पण निम्मं आन् सासूबाईंचं पण. पुरुष ६५ चा झाल्याशिवाय काही नाही, म्हणजे मी आन् बायको संगं निघालो की मला पूर्ण, तिला निम्मं, ती खिडकीत बसून हसती. आधार कार्ड मूळ ठेवा, मोबाईलवरच्या फोटोवरून वाहकाशी वाद घालू नका, त्यालाबी वर उत्तर द्यायचं असतं. सवलत राज्याच्या हद्दीतच, निजामाबाद-हैदराबादला गेलात तर हद्दीपुढचं पूर्ण तिकीट. नांदेडहून लातूरला गाड्या भरपूर हायेत, सणाच्या आदल्या दिवशी निघा, त्या दिवशी सकाळी उभं राहायला जागा मिळत नाही.

निवृत्त_गुर्जी
तात्या, एक विचारू? वाहतूक नियंत्रक म्हणजे स्टँडवर माईकवर गाड्या पुकारायचे तेच ना?

परभणीकर_तात्या
हो, तेच. "परभणी-जिंतूर-औंढा-हिंगोली मार्गे वाशिमकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." झोपेत पण म्हणतो म्हणे.

निवृत्त_गुर्जी
मग तर झालंच. आमच्या भारुडात एक पाटलाचं काम रिकामं आहे, मोठ्या आवाजाचा माणूस पाहिजे, पाठांतर कमी, दरडावणं जास्त. परभणीहून परळीकडं जाणारी पॅसेंजर गंगाखेडला थांबते, तुम्हाला गाड्यांचं मी काय सांगणार. गुरुवारी या. आवडलं नाही तर चहा पिऊन परत जा.

परभणीकर_तात्या
गुर्जी जाऊन आलो, इथं सांगायला उशीर झाला. पाटलाचं काम काही पहिल्या दिवशी दिलं नाही, झांज दिली हातात आन् कोपऱ्यात बसवलं. लय चुकलो. मृदंगवाले आप्पा माझ्याकडं बघायचेच नाहीत, चुकलं की नुसती मान हलवायचे. पण निघताना म्हणले, पुढच्या गुरुवारी येताना परभणीच्या स्टेशन रोडवरून मृदंगाची शाई मिळते का बघा. म्हणून आता जावंच लागतंय, दोन दुकानं पालथी घातली. आन् तो चालकमित्र, त्याला घेऊन ऑडिओमेट्रीला नंबर लावलाय. तो म्हणतो मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच हळू बोलता.

बायको विचारायली गुरुवारी स्वयंपाक करू का नको.

कडबाकुट्टी
गुर्जी, अवांतर. आमच्या वडलांना पेटी घ्यावी म्हणतो. त्यांनी कधी वाजवली नाही, पण तुमचं वाचून दाखवलं तर म्हणले बघू. माजलगावला एकाकडं जुनी हाय, स्वस्तात देतो म्हणतो. कशी बघून घ्यायची?

निवृत्त_गुर्जी
वरचं लाकूड, पॉलिश बघू नका. पुढचे सगळे खुंटे बंद करा, पट्टी एकही दाबू नका, भाता पूर्ण भरा आणि सोडा. हवा हळूहळू उतरली तर ठीक, भसकन गेली तर आत गळती आहे. मग एकेक पट्टी वाजवा, पांढऱ्या-काळ्या सगळ्या, खालच्या सप्तकात जास्त वेळ. एखादा सूर घोगरा निघाला तर नुसती धूळ असू शकते, मुका असला तर आतली सुराची पितळी पट्टी (रीड) बदलायचा खर्च धरा. दाबलेली पट्टी वर यायला आळस करत असेल तर स्प्रिंग. उंदरानं भात्याचं कातडं खाल्लंय का ते मागून बत्ती लावून बघा, आपल्याकडं हमखास खातो. आणि वडलांना सोबत न्या, तुम्ही एकट्यानं आणू नका. त्यांनी स्वतः घासाघीस करून घेतली तर वाजवतील.

कडबाकुट्टी
घासाघीस म्हणलं की म्हातारं उड्या मारत येतंय. बाजाराच्या दिवशी जातो आन् सांगतो.